प्लग हातात धरून

घोडबंदर रोड, ठाणे
२५ सप्टेंबर २०२५

प्रिय वहिनी,

फोनवर आपण दोघी काय काय बोललो ते मी परत उकरत नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास, तेही समजू शकते. विनीत म्हणाला, दोघी कागदावर लिहा, नवरा म्हणून सांगतो, कागदावर आवाज चढत नाही. तुमच्या चाळीतले तानाजी विनीतच्याच वर्कशॉपला वागळे इस्टेटमध्ये येतात, म्हणून डायपरच्या पिशवीबरोबर हे पाकीट त्यांच्याकडे देतेय. उत्तरही त्यांच्याकडेच दे.

परवा आईला तपासायला येणाऱ्या आसावरी सिस्टरचा मला फोन आलेला. आईच्या माकडहाडावर लाल डाग दिसतोय म्हणाल्या. हवेची गादी सतत चालू पाहिजे. तिला अर्धांग झाल्यावर महिन्याभरात मी ती गादी घेऊन दिली ती ह्याचसाठी. थोड्या थोड्या वेळाने एका पट्टीतली हवा दुसरीत जाते, म्हणून एकाच जागी भार येत नाही. पंप बंद झाला की ती गादी म्हणजे फळीवर अंथरलेलं प्लास्टिक. सिस्टर संध्याकाळी आल्या तेव्हा पंपाचा प्लग जमिनीवर होता आणि बोर्डात तुझा मोबाईल लावलेला होता.

मोबाईल थांबू शकतो गं वहिनी. आईची पाठ थांबू शकत नाही. ती सांगूही शकत नाही.

तुझी,
निशिगंधा


आंबिवली
२८ सप्टेंबर

सौ. निशिगंधाताई यांस नमस्कार.

पिशवी मिळाली. डायपर मोठ्या मापाचे आलेत. आई आता तेवढ्या राहिल्या नाहीत. मधलं माप पाठवा.

आईंच्या खोलीत एकच बोर्ड आहे आणि त्यात एकच सॉकेट चालतं, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही त्याच खोलीत वाढलात. त्या एका सॉकेटवर पंप, माझ्या शिलाई मशीनची मोटर आणि मोबाईल. मोटर मी सहा महिने लावलेली नाही. ब्लाऊज पायाने मारते.

सिस्टर आल्या तेव्हा प्लग मोबाईलसाठी काढलेला नव्हता. आभाळ गडगडत होतं. गडगडलं की घरातले सगळे प्लग काढायचे आणि शेवटच्या आवाजानंतर दोन तास थांबून मगच लावायचे, हा आईंचा नियम आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाळते. हल्ली रोज चारच्या सुमाराला आभाळ भरतं. पाच-सहा तास सहज जातात.

मग मोबाईल का लावला, असं तुम्ही विचाराल. मोबाईल माझा आहे. जळला तर माझा जळेल. पंप तुम्ही घेऊन दिलेला आहे.

संचिता


घोडबंदर रोड, ठाणे
१ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी चिडले आणि मग मला हसूच आलं. आईचा नियम! विसरलेच होते बघ. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात तू गच्चीवरचे पापड काढायला धावलीस, टीव्ही लागलेलाच राहिला, वीज पडली आणि अण्णांच्या फंडातून घेतलेला नवाकोरा टीव्ही धूर सोडून गेला. त्यानंतर ढग वाजला की आई तुला एकेक प्लग काढून हातात धरून दाखवायला लावायची. पाहुणे बसलेले असले तरी. 'संचिता, दाखव.' तू दाखवायचीस, आई मान हलवायची, मग पुढचा. मी आणि दादा पोट धरून हसायचो. तूसुद्धा हसायचीस.

आता ऐक, ह्यावर सोपा उपाय आहे. भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट बसणारा एक्स्टेंडर मिळतो. एका सॉकेटची चार होतात, शिवाय मोबाईलसाठी दोन यूएसबी, म्हणजे तुझा चार्जर सॉकेट अडवणार नाही. मुख्य म्हणजे त्यात सर्ज प्रोटेक्शन असतं. वायरीतून विजेचा लोट आला तर तो स्वतः मरतो, पण पुढच्या वस्तूपर्यंत जाऊ देत नाही. थेट घरावर वीज पडली तर गोष्ट वेगळी, पण तसं झालं तर आपणही उरणार नाही. म्हणजे गडगडलं तरी प्लग काढायचा प्रश्नच मिटला. मोटरही लाव खुशाल.

काल ऑफिसमधून येताना दीड तास कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले, तेवढ्यात सगळे रिव्ह्यू वाचून काढले आणि एक मागवला. तानाजींबरोबर पाठवतेय.

तुझी,
निशिगंधा


आंबिवली
५ ऑक्टोबर

निशिगंधाताई यांस,

एक्स्टेंडर मिळाला. दिसायला छान आहे. बसत नाही.

आपल्याकडे सॉकेटच्या शेजारीच बटण असतं. ह्याचं अंग इतकं रुंद आहे की लावला की ते बटण त्याच्याखाली झाकलं जातं, आणि आधी बटण चालू करून ठेवलं तर तो दाबून ते पुन्हा बंद करतो. पिन अर्धी बाहेर ठेवून पाहिली, तर ठिणगी उडाली. खाली बोर्डाचं चित्र काढलं आहे, अंतरं इंचपट्टीने मोजून लिहिली आहेत. त्याप्रमाणे बघून मागवा.

मी हसायचे, हे तुमचं खरं आहे.

काल आणि परवा दोन्ही दिवस गडगडलं. डागावरची कातडी गेली. रुपयाएवढं आहे.

संचिता


घोडबंदर रोड, ठाणे
८ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

रुपयाएवढं, हे तू किती शांतपणे लिहितेस.

चित्राप्रमाणे दुसरा शोधला. तीन संध्याकाळी ह्यातच गेल्या. ह्याची पिन वरच्या कडेला आहे, म्हणजे अंग खाली लोंबतं आणि बटण मोकळं राहतं. आधीचा सहाशे जूलचा होता, हा बाराशेचा. जूल जितके जास्त तितका मोठा लोट तो गिळू शकतो. सॉकेटं दोन्ही बाजूंना आहेत, पंपाचा जाड प्लग लावला तरी शेजारचं अडणार नाही. ऑफिसमधला सुशांत ह्यातलाच आहे, त्याला दाखवूनच घेतला.

मी स्वतः येऊन लावला असता. पण निशाची बारावी आहे, आणि शनिवारी तिला क्लासला सोडायचं असतं, रविवारी सासूबाईंकडचे येतात. तुला वाटत असेल मी टाळतेय. मी एका मुलीची आई आहे गं, तेवढं समजून घे.

एक विनवणी. हा लागेपर्यंत तू प्लग काढू नकोस. पंप जळला तर जळू दे, मी दुसरा घेईन. हे मी लिहून देतेय.

तुझी,
निशिगंधा


आंबिवली
१२ ऑक्टोबर

निशिगंधाताई यांस,

हा बसला. बटण मोकळं राहतं.

त्यावर दोन दिवे आहेत. पहिला हिरवा लागतो, दुसरा लागत नाही. बरोबरच्या कागदावर लिहिलंय की दुसरा लागला नाही तर अर्थिंग नाही, आणि अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्शनचा उपयोग नाही. तो लोट जायला कुठेतरी वाट हवी ना. गणू इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला. सॉकेटला तिसरी हिरवी वायर जोडलेली आहे, पण भिंतीच्या आत वीतभर जाऊन कापलेली आहे. पुढे कुठेच जात नाही. गणू म्हणाला, 'हे कोणी केलंय वहिनी? नुसतं दाखवायला केलंय.' मी म्हटलं, सासऱ्यांनी. अण्णांनी स्वतःच्या हाताने केलेलं वायरिंग म्हणून तुम्ही सगळीकडे सांगता, म्हणून कळवते.

तुम्ही लिहून दिलंत की प्लग काढू नको. पण घरात आई आहेत. ढग वाजला की त्यांचा डावा हात वर होतो. तेवढाच चालतो. बोट बोर्डाकडे. जोवर प्लग काढत नाही तोवर हात खाली येत नाही. डोळे असे होतात की बघवत नाही. मी काढते, हातात धरून दाखवते, त्या मान हलवतात. मग शांत पडून राहतात, फळीवर.

त्यांचं ऐकू की तुमचं, ते कळवा.

जखमेला आता वास येतो.

संचिता


घोडबंदर रोड, ठाणे
१५ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं पत्र मी विनीतलाही वाचायला दिलं नाही.

जिची वाचा गेलीय ती बाई हात वर करून बोर्ड दाखवते, आणि तू त्याचा अर्थ 'प्लग काढ' असा घेतेस? तिला पाठीखाली फळी टोचतेय. ती 'प्लग लाव' म्हणतेय. डोळ्यांत भीती असणारच, कारण तुझा हात प्लगकडे जाताना तिला दिसतो. मान हलवते म्हणजे हरते. तू तिच्याबरोबर बावीस वर्षं राहिलीस आणि तुला तिचा हात वाचता येत नाही? की येतो?

अण्णांबद्दल तू जे लिहिलंस ते लिहायची गरज नव्हती. त्यांना जेवढं कळलं तेवढं त्यांनी केलं.

गणूला सांगून अर्थिंग करून घे, त्याचे पैसे मी तानाजींच्या हाती पाठवलेत. दिवाळीआधी झालं पाहिजे. दिवाळीला यायचा विचार होता, पण भाऊबीजेला त्या घरात पाऊल टाकायची माझी हिंमत होत नाही. दादाला जाऊन सहा वर्षं झाली तरी ओवाळायचं ताट डोळ्यांसमोर येतं. तुला हे सांगायला नको, तुझा तर नवराच होता.

पण म्हणूनच विचारते. दादा असता तर तू प्लग काढला असतास का?

निशिगंधा


आंबिवली
१९ ऑक्टोबर

निशिगंधाताई यांस,

अर्थिंग झालं. गणूने तुळशीच्या मागे खड्डा खणून सळई ठोकली आणि नवी वायर आत आणली. आता दोन्ही दिवे हिरवे लागतात. पंप, मोटर, आणि यूएसबीला मोबाईल, सगळं एकावेळी चालतं. तुम्ही निवडलेली वस्तू चांगली आहे, हे मान्य केलं पाहिजे.

काल दुपारी साडेचारला गडगडायला लागलं. मी प्लग काढला नाही. तुम्ही लिहिलं होतं ना, मला हात वाचता येत नाही, म्हणून ठरवलं की आज काढायचाच नाही. आईंचा हात वर गेला. मी त्यांच्या उशाशी बसले आणि सांगितलं, आई, ही नवीन वस्तू निशिगंधाताईंनी पाठवलीय, आता काही जळत नाही, ते बघा दोन हिरवे दिवे. हात तसाच. मी हात धरून खाली ठेवला. परत वर. गादी चालू होती, पाठीखाली हवा होती, फळी टोचत नव्हती. तरी त्यांच्या घशातून आवाज यायला लागला. असा आवाज मी गाईचा ऐकलाय. अर्धा तास गेला. चादर ओली झाली. हात खाली येत नव्हता.

शेवटी मी उठले, प्लग काढला आणि हातात धरून दाखवला.

आवाज थांबला. त्यांनी मान हलवली. मग तो हात माझ्याकडे आला. मला वाटलं प्लग मागतायत, म्हणून मी वाकले. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. दोनदा.

ताई, माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. मी ह्या घरात काही बरोबर केलं असं त्यांनी मला कधीच दाखवलं नव्हतं. मी तिथेच खाली बसले. प्लग माझ्या मांडीवर होता. गादीतली हवा जाताना आवाज होतो, तो मी ऐकत होते. मी प्लग लावला नाही. गडगडाट सहालाच थांबला होता. दोन तास झाले, तीन झाले. मी लावला नाही. मला वाटलं, आत्ता लावला तर तो हात परत वर होईल, आणि मग जे झालं ते झालंच नाही असं होईल.

डॉक्टर सकाळी येऊन गेले. खड्डा झालाय म्हणाले. तळाला पांढरं दिसतं ते हाड आहे.

संचिता


घोडबंदर रोड, ठाणे
२४ ऑक्टोबर

वहिनी,

रविवारी सकाळी दहाला ॲम्ब्युलन्स घेऊन येतेय. आईला इकडे आणते. निशाची खोली रिकामी केलीय, तिचं टेबल हॉलमध्ये आणलंय. इथे बाविसाव्या मजल्यावर जनरेटर आहे, सोसायटीला वीजरोधक आहे, प्रत्येक भिंतीत चार-चार सॉकेटं आहेत, आणि प्लग काढणारं कोणी नाही.

तू गालावरच्या हातासाठी माझ्या आईचं हाड उघडं पाडलंस. आम्ही येऊ तेव्हा तू शेजारी जाऊन बसलीस तर बरं होईल.

निशिगंधा


आंबिवली
२५ ऑक्टोबर

निशिगंधाताई यांस,

गादी, पंप, औषधं, मधल्या मापाचे डायपर, सगळं बांधून ठेवलं आहे. एक्स्टेंडरही काढून पिशवीत घातला आहे, तुमचा आहे. पंपाचे पाइप मुडपू नका.

मी शेजारी तानाजींकडे असेन. चावी तुळशीत.

संचिता


घोडबंदर रोड, ठाणे
३ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

मी पत्र लिहीन असं मला वाटलं नव्हतं. तुलाही वाटलं नसेल.

पहिले पाच-सहा दिवस बरे गेले. रोज सिस्टर येते, जखम धुते, मी टॉर्च धरते. आता मला तळाचं पांढरं बघायची सवय झाली. डॉक्टर म्हणालेत, दहा मिनिटंही त्या जागी भार पडता कामा नये. पडला तर विष रक्तात जाईल, मग ते काही करू शकणार नाहीत. म्हणून पंप तुझ्याकडचाच एक्स्टेंडर लावून त्यावर चालू ठेवलाय, इथे गरज नसताना. दोन्ही दिवे लागतात. मी दिवसातून दहा वेळा बघते.

परवा संध्याकाळी खाडीच्या बाजूने ढग आले. इथे इतक्या उंचावर वीज खिडकीत आल्यासारखी वाटते. पहिल्याच आवाजाला आईचा हात वर गेला. मला आधी बरं वाटलं, की चला, आता मी तुला खोटं पाडेन. मी म्हटलं, आई, गादी चालूच आहे, बघ, प्लग लावलेलाच आहे. हात खाली आला नाही. तो आवाज सुरू झाला, तू लिहिलेला. विनीत येऊन दारात उभा राहिला आणि परत गेला. सासूबाईंनी टीव्ही मोठा केला.

मी पलंग फिरवला. तिला बोर्ड दिसू नये म्हणून. तिने मान इतकी वळवली की मानेची शीर फुगली. मी बोर्डावर टॉवेल टाकला. ती टॉवेलकडे बोट दाखवायला लागली. काल पुन्हा ढग आले. मी तिचा हात चादरीखाली खोचला. तिने काढला. मग मी माझी ओढणी घेतली, मनगटाला गुंडाळली आणि पलंगाच्या दांडीला बांधली. घट्ट नाही, पण बांधली. तिने माझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस तसं, बघवत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळत बसले. सात जणांची कणीक मळली. घरात पाचच माणसं आहेत.

ती 'काढ'च म्हणत होती. तुला वाचता येत होतं. मी जे लिहिलं ते परत घेते.

पण मी काढू शकत नाही, वहिनी. दहा मिनिटंही नाही. आणि आज दुपारीही आभाळ भरून आलंय. तो हात कसा थांबवायचा तेवढं सांग. तू इतके दिवस त्याच्यासमोर बसलीस.

तुझी,
निशिगंधा


आंबिवली
५ नोव्हेंबर

निशिगंधाताई यांस,

हात थांबत नाही. बांधू नका. प्लग काढा.

कल्याणच्या दुकानातला माणूस गादी लावायला आला होता, तेव्हा तुम्ही ऑफिसात होता. त्याने मला पंपाबरोबर आलेली दोन रबरी बुचं दिली. वीज गेली तर काय करायचं ते करून दाखवलं. पंपाचे दोन्ही पाइप ओढून काढायचे आणि लगेच त्यांच्या टोकांना ही बुचं दाबून बसवायची. हवा आतच राहते. पाच-सहा तास गादी तशीच फुगलेली राहते. पट्ट्या बदलत नाहीत, पण फळी लागत नाही. त्याने माझ्याकडून दोनदा करवून घेतलं. मला दोन्ही वेळा जमलं.

बुचं मी मसाल्याच्या डब्यात ठेवली होती, मोहरीच्या वाटीत. रोज फोडणी देताना दिसायची. तुम्ही पहिलं पत्र लिहिलंत तेव्हा दिसत होती, बोर्डाचं चित्र काढलं तेव्हाही. तुमचं सामान बांधलं त्या दिवशी मी वाटी उघडून बघितली आणि परत झाकण लावलं.

या पाकिटात आहेत. मोहरीचे दाणे चिकटले असतील तर पुसून घ्या.

आधी बुचं बसवा, मग प्लग काढा. नुसता काढून बाजूला टाकू नका. त्यांच्या डोळ्यांसमोर हातात धरून दाखवा. घाई करू नका, त्या नीट बघतात. मान हलली की खाली ठेवा.

संचिता